डावीकडची कड

पत्र्याला ती आधी जीभ लावायची. रंगाचा डबा, ब्रश, सगळं नंतर. कापून, ठोकून तयार झालेलं पत्र्याचं पान उचलायचं, जिभेचं टोक टेकवायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "खारट आहे अजून. धू." मग विहिरीच्या गोड्या पाण्यानं पुन्हा आंघोळ. आमची घरं मिऱ्या बंदराच्या बाजूला. समुद्राचा वारा पत्र्यावर मीठ ठेवून जातो, ते दिसत नाही, आणि त्यावर रंग दिला की गंज आतून फुगून वर येतो.

"काकी, जिभेला काहीतरी होईल हां," मी म्हणायचो.

"होऊ दे. तुझ्या ग्रिलांसारखं वर्षात तांबडं होण्यापेक्षा बरं."

तिची कामं तुम्हीही पाहिली असतील. रत्नागिरीत एखाद्या दवाखान्यात नंबर लावून बसलात, समोरच्या भिंतीवर पत्र्याचा नेचा किंवा सड्यावरची सीतेची आसवं, ती जांभळी रानफुलं, दिसली, आणि उठून बोट लावून बघावंसं वाटलं, तर ती तिचीच. मी शेजारचा ग्रिलवाला. जाड पत्रा कापून देणं, मागे हुक वेल्ड करणं, भिंतीवर चढवणं एवढं माझं काम.

"गंज कडेनं शिरतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. मधल्या रंगापेक्षा कडेचा हात ती जपून द्यायची. मुलीसाठी मुलगा बघायला गेली तर त्याची नखं बघून आली. "कडा स्वच्छ आहेत," म्हणाली, आणि लग्न ठरलं.

म्हणून त्या दुपारी मी चरकलो. फणसाचं एक मोठं पान हुक लावायला घेतलं होतं. उजवी कड नेहमीसारखी, आणि डावीकडे बोटभर रंगाखालचा लाल प्रायमर उघडाच. घाई झाली असेल, म्हटलं. पुढचा खंड्या पक्षी आला, त्याचीही डावी बाजू तशीच. मग चहा ओतताना डावीकडचा कप रिकामा राहिला. दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा आपटला.

"चौकट सरकवलीस काय रे?" ती हसली. मी पण हसलो.

नेमकं काय ते नाही, पण डोळ्याचं काहीतरी आहे एवढं मला तेव्हाच कळलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही. ती जेवून आडवी झाली की तिच्याच डब्यांतला रंग घेऊन मी त्या कडा भरायला लागलो.

त्यानंतर माझे दिवस धाकधुकीत जायला लागले. ती पत्र्याची कात्री चालवायची तेव्हा माझी नजर तिच्या डाव्या हातावर. ती रस्ता ओलांडायची तेव्हा मी वेल्डिंग टाकून दारात. ओली कड तिच्या बोटाला लागेल, वास येईल, कुणी गिऱ्हाईक बोलून जाईल. आज सांगू म्हणायचं, आणि तिनं "काय रे, गप्प का?" विचारलं की "काही नाही" म्हणायचं.

ती घाबरेल, काम सोडेल, असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं. उरलेलं आज लिहितो. मला त्या कडा रंगवायला आवडायला लागलं होतं. जन्मभर चौकोनी ग्रिलं केली. फणसाच्या पानावर ब्रश फिरवताना मलाही काहीतरी येतं असं वाटायचं.

आणि ती? कडेवरून अंगठा फिरवायची आणि थांबायची.

"माझा हात जड झालाय काय रे? थर जाड लागतोय."

"नाही गो काकी."

"नक्की?"

"नक्की."

दर कामाला हे विचारायची. मग ब्रश बदलून बघितला, रंग पातळ करून बघितला. म्हातारपण हातात उतरलं म्हणाली.

एका हॉटेलात कांदळवनाचं मोठं काम लावताना ती स्टुलावरून उतरली आणि डावा पाय हवेत पडला. मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे कळलं, काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवाही कडेनं मिटत आलेला. गेलेली नजर परत येत नाही. लवकर आला असतात तर बरीच वाचली असती, डॉक्टर म्हणाले.

"मला पत्ताच नाही लागला, तर लवकर कशी येणार हो?"

"घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"घरात मी एकटीच."

मी तिच्या मागे औषधांची पिशवी घेऊन उभा होतो.

सांगितलं ते ती पुण्याला मुलीकडे जायच्या आदल्या दिवशी. ती ब्रश टर्पेंटाइनमध्ये धूत होती.

"काकी, डावीकडच्या कडा मी रंगवायचो. तुझ्याकडून राहायच्या."

हात थांबला. "कधीपासून?"

"फणसाच्या पानापासून."

भिंतीवरचं एक पान तिनं चाचपून काढलं, कडेवरून अंगठा फिरवला. "तरीच. मी आपली हाताला दोष देत बसले." मग म्हणाली, "आणि मी विचारत होते, तेव्हा?"

मी रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवायला लागलो.

"बोल ना."

"तेव्हाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ब्रश फडक्याला पुसत एवढंच म्हणाली, "जा. तुझं काम पडलं असेल."

सकाळी जावयाची गाडी आली. काकी पुढच्या सीटवर बसली, काच खाली केली. सगळी आळी उजवीकडे, जावयाच्या बाजूला जमली होती. तिकडे मान वळवून ती एकेकाला हात करत होती. मग तिकडच्या खिडकीशी वाकलेल्या शेजारणीला तिनं विचारलेलं मला ऐकू आलं, "तो ग्रिलवाला आला नाही गो?"

मी तिच्या डाव्या खिडकीशीच उभा होतो, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. "आलोय" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी सुरू झाली.