रविवारचे मोजे

जर्मनीत त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात मी शिकाऊ इंजिनिअर होतो, तेव्हा दर रविवारी तो ट्राममध्ये भेटायचा. अमेरिकन लष्करातला काळा सैनिक, सुट्टीच्या कपड्यांत. सगळी ट्राम करड्या ओव्हरकोटांची, आणि याचा अंगाबरोबर बसलेला निळा सूट, भुवईवर झुकलेली हॅट आणि लिंबासारखे पिवळे मोजे! बसताना पँट गुडघ्यांवर चिमटीनं उचलायचा. इस्त्री मोडू नये म्हणून, आणि मोजे दिसावेत म्हणूनही.

माझा कोट पुण्याचा. ‘परदेशात अंग धरेल’ म्हणून आईनं ऐसपैस शिवून घेतलेला. बाह्यांतून नुसती बोटं दिसायची.

एकदा धीर करून विचारलं, “लोक इतके बघतात, संकोच नाही वाटत?”

तो खदखदून हसला. “आमच्या गावात माझा बाप गोऱ्यांपुढे मान खाली घालून चालायचा. कपडेही असे, की कुणाच्या डोळ्यांत भरू नयेत. मी आठवडाभर लष्कर सांगेल तसा दिसतो. रविवारी मात्र मी म्हणेन तसा. बघू देत की!” मग माझी बाही वर सारून म्हणाला, “तू कुणापासून लपतोयस?”

पुढच्या रविवारपर्यंत मी कोट अंगाबरोबर करून घेतला होता. त्याच्यासमोर बसलो आणि पँट चिमटीनं उचलली. लालभडक मोजे!

तो ताडकन उठला आणि ट्राममध्ये जनरल चढल्यासारखा त्यानं मला कडक सॅल्यूट ठोकला.

परवा सूनबाई म्हणाली, “अहो बाबा, या वयात लाल मोजे?”

म्हटलं, “आज रविवार आहे.”