भावजयीच्या सर्व्हेमागे रत्नागिरीला

माझी भावजय केतकी लोकांना त्यांच्या नशापाण्याबद्दल विचारते आणि त्याचा तिला पगार मिळतो. गांजा, गोळ्या, पावडर यांचं प्रमाण कुठे किती, कोणत्या वयात सुरुवात होते, का होते, असा तिचा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. डिसेंबरात तिचं काम रत्नागिरीजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावात निघालं. मी म्हटलं, तू विचारत बस, मी मासे खाते. बाईसाहेबांनी परवानगी दिली, पण अट घातली की कामाच्या जागी मी तोंड उघडायचं नाही. मला! आमच्या अख्ख्या घराण्यात जे कोणाला जमलं नाही, ते ही करायला निघाली.

पुण्याहून पहाटे निघालो. कराडपर्यंत हायवे झकास, मग मलकापूरवरून आंबा घाट. घाटात धुकं असतं, घाई करू नका. खाली उतरल्यावर रस्त्याचं काम चालू होतं, तिथे माझ्या कंबरेने रामराम म्हटला. साखरप्याला गरम वडे आणि चहा घेतला की माणूस पुन्हा उभं राहतं. रत्नागिरीत न थांबता आरे-वारेच्या रस्त्याला लागलो. तिथे चढावरच्या वळणावर गाडी थांबवाच. दोन्ही अंगांना दोन किनारे, मध्ये टेकाड, आणि वारा इतका की माझी ओढणी केतकीच्या तोंडावर. मी पाच मिनिटं चक्क गप्प होते.

राहिलो कुंदाकाकींकडे. घरगुती सोय, दोन वेळच्या जेवणासकट माणशी हजारभर रुपये, आणि बांगड्याचं तिखलं असं की बोटं चाटत बसावं. काकींच्या यजमानांचा जन्म मालवाहू बोटीवर नोकरी करण्यात गेला, तिथेच ते वारले. आता मुलगा सुहास, पंचविशीतला, पुढच्याच आठवड्यात पहिल्यांदा बोटीवर निघणार होता. त्याआधी तपासणी होते. त्यात नशेचा अंश सापडला तर ती नोकरी तर जातेच, पुढे दुसरीकडेही कोणी सहज उभं करत नाही. त्याची बॅग भरून तयार होती, आणि काकींचा चेहरा काळजीने उतरलेला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात केतकीचं काम सुरू झालं. ते पाहून मी खरंच चाट पडले. तरण्या पोरांनी एकेकाने पडद्याआड जायचं, नाणं उडवायचं. मग ‘नशा करतोस का?’ या प्रश्नाला छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला तर खरं ते सांगायचं. त्यामुळे ‘हो’ ऐकून ते नाण्याचं की माणसाचं, हे केतकीलाही कळत नाही. पण सगळ्यांची बेरीज केली की नाण्यापोटी आलेले ‘हो’ अंदाजाने वजा करता येतात. गावाचं कळतं, माणसाचं झाकलेलं राहतं. काय डोकं आहे! नंतर काही जण आपणहून तिच्यासमोर बसले. ती एक प्रश्न विचारायची आणि गप्प राहायची. समोरचा अडखळला तरी मध्ये शब्द घालायची नाही. मी असते तर तोवर चार उपदेश करून मोकळी झाले असते.

संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता काकींनी विषय काढला. सुहासही वर्गात जाऊन नाणं उडवून आला होता. त्यांनी केतकीचा हातच धरला. “बाय, सगळ्यांचा ऱ्हावंदे. माझ्या पोराचा काय ता तेवढा सांग.”

केतकी म्हणाली, “काकी, मलाच माहीत नाही. आणि माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं.”

काकी दुखावल्या. जेवण वाढलं, पण आग्रह नाही. कोकणात यजमानीणबाईंनी आग्रह केला नाही म्हणजे समजून जावं. मला तर वाटलं होतं, सांगून टाकावं काहीतरी, आईच आहे शेवटी. केतकीला तसं म्हटलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सोलकढी प्यायला लागले.

सकाळी काकींनी जाहीर केलं की त्या ग्रामदेवीला कौल लावणार. इकडे अडलेला प्रश्न देवीला विचारतात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडची पडली तर होकार. शिकलेली केतकी हसेल अशी मला धास्ती होती. ती हसली तर नाहीच, सोबत निघाली. वाटेत तिने एवढंच विचारलं, की देवीने हो सांगितलं तर काय कराल? काकी पायवाटेवरच थांबल्या. म्हणाल्या, तेचा मी विचारच नाय केला.

“मग आधी तो करा,” केतकी म्हणाली. “ऐकायची तयारी झाली की त्यालाच विचारा. आणि विचारलंत की त्याचं संपेपर्यंत बोलू नका. रडू आलं तरी.”

देवळात गुरवाने प्रश्न काय ते विचारलं तेव्हा काकींनी हात जोडले. मग म्हणाल्या, “पोराला विचारू काय, तेवढा सांग आई.” आम्ही तिघी श्वास रोखून बघत होतो, आणि उजवी पाकळी पडली. खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर काटा आला.

घरी आल्यावर काकी थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि सुहासला हाक मारली. मी दाराशी रेंगाळले, माणूस आहे मी! केतकीने दंडाला धरून मला बाहेर काढलं, गाडीत बसवलं आणि समुद्रावर नेलं. दुपारी निरोप घेतला तेव्हा मायलेक दोघांचेही डोळे सुजलेले होते. कोणी काही सांगितलं नाही, केतकीने विचारलं नाही.

पुण्यात आल्यावर कोकमं आणि सुके मासे आठवडाभरात संपले. केतकीबद्दलचं कौतुक मात्र ओसरेना. नणंद असून हे लिहितेय, यात काय ते समजा. पंधराएक दिवसांनी काकींचा फोन आला. सुहास हो म्हणाला होता. दोन वर्षांपासून, मित्रांबरोबर सुरू झालं, सुटत नव्हतं. काकी सगळं ऐकेपर्यंत गप्प बसल्या होत्या. आता दोघं जिल्ह्याच्या दवाखान्यात जातात, डॉक्टर बरे आहेत म्हणे.

केतकीने ऐकून आधी डोळे पुसले, मग दम दिला की त्यांना विचारल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. म्हणून मी काकींना परत फोन केला.

सुहासला विचारून त्या म्हणाल्या, “लिही. नावा बदल आमची. आणि ह्या पण लिही, बोट गेली, पन माझा पोरगा घरात हाय.”