मागच्या वाटेचं कर्जत

आमच्या शाळेत बदलून येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या संध्याकाळी गाव दाखवायचं काम मी कुणी न सांगता अंगावर घेतलं आहे. माझी पद्धत ठरलेली आहे. तिच्या घराच्या पुढच्या दारातून निघायचं, सरळ एस.टी. स्टँडवर जायचं, तिथे उभं राहून मागे वळायचं आणि तिला विचारायचं, "आता तुमचं घर कुठलं ते दाखवा." मग पोस्ट, दवाखाना, रेशनचं दुकान, गिरणी. देवळं शेवटी, ती कुणीही दाखवतं. मध्यंतरी एक तरुण बाई हसली. म्हणाली, "बाई, मी आज आले आणि तुम्ही मला आजच परत जायची गाडी दाखवताय." मी हसले नाही. मला कर्जत कसं दाखवलं गेलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं फिरतं.

एकोणीसशे पासष्टच्या पुढेमागे माझं लग्न झालं. मी वाईकडची, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरची. सासरी भातशेती आणि मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची, बाजाररस्त्यावर तांदळाची वखार. नवरा रसायनीच्या कारखान्यात पाळीवर. आठवडाभर तिकडेच खोलीवर राहायचा, रविवारी घरी यायचा. लग्न ठरवतानाच माझ्या वडिलांनी बोलून घेतलं होतं की मुलीचं शिक्षिकेचं ट्रेनिंग झालंय, ती नोकरी करणार. मामंजी म्हणाले होते, "करू दे की. आमी कशाला नाय म्हणू?" मे महिन्यात नेमणुकीचा हुकूम आला. कशेळ्याच्या पुढच्या एका गावातली शाळा. जूनमधल्या एका सोमवारी शाळा सुटायच्या आत हजर व्हायचं, नाही तर नेमणूक रद्द. हे शेवटचं वाक्य मी घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

शनिवारी सासूबाईंनी शंका काढली. "जाईल ती, पन तिला स्टँड तरी म्हायतीय का? कर्जतात कुठं काय हाय ते कळत नाय तिला अजून."

शंका रास्त होती. मी लग्नात आले ती मान खाली घालून, आणि त्यानंतर विहीर आणि परसदार यांपलीकडे गेले नव्हते. पुढची ओसरी पुरुषांची, घरातल्या बायका तिकडे फिरकत नसत. मामंजींनी ओसरीवरून आतल्या बाजूला आवाज दिला, "धाकलीला सांग, सुनबाईला गाव दाखवून आन म्हनावं."

धाकली म्हणजे मामंजींच्या धाकट्या भावाची बायको, माझी चुलत सासू. मी त्यांना काकी म्हणत असे. त्या वीसेक वर्षांपूर्वी या घरात आलेल्या. मामंजी त्यांचे थोरले दीर, त्यामुळे त्यांच्यासमोर काकींनी तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. निरोप यायचा तो सासूबाईंमार्फत आणि जायचाही तसाच.

मला मात्र आनंद झाला. निघण्यापूर्वी मी मनाशी चार ठिकाणं पक्की केली: स्टँड, पोस्ट, डॉक्टर, रॉकेलचं दुकान. एवढी कळली की माणूस कुठल्याही गावात उभा राहू शकतो, असं माझं मत होतं आणि आहे.

आम्ही परसदारातून बाहेर पडलो. विहिरीला वळसा, मग गोठ्यांच्या मागून, मग दोन घरांच्या मधली बोळ, जिथे भिंतीला शेणी थापलेल्या. काकी पुढे, मी मागे.

"ही आपली सोयरी. हितं हळदीकुंकवाला यायचं. ती पल्याडची, तिच्याशी बोलायचं नाय."

"का हो काकी?"

"म्हायत नाय. मला पन कोनी असंच सांगितलेलं."

"कुणी?"

"तुज्या आजेसासूनं. तिला इचारायची हिंमत व्हती का कोनाची?"

मग भाताच्या गिरणीची मागची बाजू आली. तिथे एक खिडकी होती. बायकांनी टोपली त्या खिडकीतून आत द्यायची. मग कासाराच्या घराचं मागचं दार. मग देवळाचं बाजूचं दार. मी सारखी पाहत होते की आता बाजार येईल, आता दुकानांच्या पाट्या दिसतील. दिसत होत्या त्या दुकानांच्या पाठी, न्हाणीघरांची पन्हळं, वाळत घातलेली लुगडी आणि आमच्याकडे बघून भुंकणारी कुत्री.

"काकी, पोस्ट कुठंय?"

"पोस्टाला कशाला जायाचं? पोस्टमन घरी येतो नव्हं."

"आणि डॉक्टर?"

"त्यो बी घरी येतो. लई दुखलं तर."

"थोडं दुखलं तर?"

"थोडं दुखल्यावर कोन सांगतं गं?" असं म्हणून काकी हसल्या. मलाही हसू आलं; त्यांचं हसणं तसं होतं. पण रॉकेलच्या दुकानाचं मी विचारलंच नाही.

देवळापासून पुढे शेताचा बांध धरायचा होता. बांधावरून जाऊन, एका जांभळाला वळसा घालून, मागच्या अंगानं आम्ही स्टँडवर आलो. बायका जिथे उभ्या राहत ती पत्र्याच्या शेडची मागची कड काकींनी मला दाखवली. "हितं उभं ऱ्हायचं. मान वर करायची नाय. समोर बाकड्यावर मोठी मानसं बसतात." मी वर न बघताच वाट पाठ केली: विहीर, बोळ, गिरणी, देऊळ, बांध, जांभूळ. माझ्या चार ठिकाणांपैकी एक मिळालं, तेही मागून.

रविवारी नवरा आला. मी त्याला विचारलं, "स्टँडवर जायला ही एवढीच वाट आहे का? फार लांब पडते." तो म्हणाला, "काकींनी दाखवली ना? मग झालं," आणि जेवून झोपला. हा माणूस दर रविवारी त्याच स्टँडवर उतरून घरी येत होता.

सोमवारी सकाळी मी डबा, छत्री आणि हुकूम घेऊन वेळेत, अगदी भरपूर वेळ हाताशी ठेवून निघाले. देवळापर्यंत सगळं बरोबर होतं. पुढे बांध नव्हता. रात्रीच्या पावसात कुणीतरी तो फोडून शेतात पाणी घेतलं होतं आणि रोपाभोवती काट्या टाकल्या होत्या. जूनमध्ये भातवाला बांध फोडणारच. त्याची काय चूक. चूक त्यांची, ज्यांनी कामावर जाणाऱ्या बाईची वाट कुणाच्या तरी शेतातून ठेवली होती. मी चिखलातून, लोकांच्या परसांतून, दोनदा चुकून, घोट्यापर्यंत भरलेल्या पायांनी स्टँडवर पोचले, तेव्हा कशेळ्याची गाडी निघून गेली होती.

तिथल्या कंट्रोलरनं माझ्या पायांकडे पाहिलं. "कुठून आलात बाई?"

मी सासऱ्यांच्या वखारीची खूण सांगितली.

"त्यांच्या घरच्या? मग एवढा चिखल कुठे लागला?" त्यानं हात वर केला. "तुमचं घर ते काय समोर. निळ्या खिडक्यांचं."

मी बघितलं. रस्त्याच्या त्या टोकाला, चार-सहा दुकानांच्या पलीकडे, एक कौलारू घर होतं. उंच ओसरी, निळ्या खिडक्या. ते घर मी ओळखलं नाही. त्या घरात मी दोन महिने स्वयंपाक करत होते. ओसरीच्या दांडीवर मामंजींचं मीच धुतलेलं धोतर वाळत होतं, त्यावरून खात्री पटली. चुलीवर चहाचं आधण ठेवून निघालं असतं, तर ते उकळायच्या आत स्टँडवर पोचता आलं असतं.

"दुपारी एक गाडी आहे," कंट्रोलर म्हणाला. "ती मिळाली तर शाळा सुटायच्या आत पोचाल. ती चुकली तर आज नाही."

मी पुढच्या रस्त्यानं घरी निघाले. घराला लागूनच असलेल्या वखारीसमोरच्या बाकड्यावर मामंजी, काका, म्हणजे काकींचे यजमान, आणि आणखी तिघे-चौघे बसले होते. त्या बाकड्यावरून स्टँड दिसत होता, गाडीचा बोर्ड वाचता येईल इतका स्वच्छ. मामंजी तिथे रोज बसत. शनिवारी गाव दाखवायला सांगताना त्यांनी नुसता हात वर केला असता, "ते बघ स्टँड" एवढं म्हटलं असतं, तरी माझी नोकरी टांगणीला लागली नसती. त्यांना ते सुचलं नाही. मला आजही राग आहे तो याचा. वाईट हेतू असता तर मी भांडले तरी असते.

त्यांच्या पुढून मी चिखलाच्या पायांनी गेले. घरात पाऊल टाकते तोच मामंजी मागून ओसरीवर आले आणि सासूबाईंना म्हणाले, "पयल्याच दिशी गाडी चुकली. जिला गावातला स्टँड गावत नाय, ती शाळा काय चालवनार? ऱ्हाऊ दे म्हनावं ते."

सासूबाईंनी मान हलवली. विषय संपला, असं त्या दोघांना वाटलं.

मी सरळ माजघरात काकींपुढे जाऊन उभी राहिले. "काकी, जवळचा रस्ता असताना मला एवढ्या लांबून का नेलंत?"

"कुठला जवळचा?" त्या तांदूळ निवडत होत्या.

त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की त्या खोटं बोलत नाहीत. ओसरी रिकामी झाली होती. मामंजी बाकड्यावर परत गेले होते. मी काकींचा हात धरून त्यांना पुढच्या दारात आणलं. "ते बघा."

त्या वेळी मुरबाडच्या बाजूची कुठलीशी गाडी लागत होती. काकी बराच वेळ बघत राहिल्या.

"त्यो आपला स्टँड?"

"तोच."

"आन् मी उभी ऱ्हाते ती शेड?"

"तीच. तुम्ही तिच्या मागे उभ्या राहता."

काकींचं माहेर कशेळ्याच्या अलीकडे. वर्षातून एकदा-दोनदा काका त्यांना गाडीत बसवून देत. मी विचारलं, "काका तुम्हाला स्टँडवर कसे नेतात?"

"नेतात कुठं? बायकांच्या संगती कोन जातंय. मी मागनं गठुळं घेऊन जाते, ते म्होरनं येतात. दर टायमाला ते आदी येऊन उभे असायचे. वरनं मलाच बोलायचे, किती येळ, गाडी जाईल. मला आपलं वाटायचं, यांची चाल लई झपाट्याची. मी बी पळायचे. थोरला पोटात व्हता तवा बी पळाले."

वीस वर्षं ही बाई डोक्यावर गाठोडं घेऊन बांधावरून धापा टाकत धावत होती आणि तिचा नवरा पान चघळत चार दुकानं ओलांडून तिच्या आधी पोचत होता, वर तिला आळशी ठरवत होता. त्यानंही मुद्दाम काही केलं नव्हतं. त्या घरात कुणीच काही मुद्दाम करत नसे.

काकींनी तांदळाचं सूप कोनाड्यात ठेवलं. "तुजी गाडी कवा?"

"दुपारी."

"पाय धू. दोन घास खा."

दुपारी आम्ही दोघी पुढच्या दारातून निघालो. काकींनी पदर कपाळापर्यंत ओढला होता, पण चालत होत्या रस्त्याच्या मधून. बाकड्यावर जेवणानंतरची मंडळी होती. मामंजींनी आमच्याकडे न बघता काकांना म्हटलं, "दोगी कुठं निगाल्या, इचार."

काका उठले. "कुठं गं?"

काकी थांबल्या. थोरल्या दिरासमोर नवऱ्याशीही बोलायची रीत नव्हती. "तुमी कसे लवकर पोचता, ते बघते," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. बाकड्यावरचं कुणीतरी खोकलं. काकांना काय ते समजलं असेलसं मला वाटत नाही.

मला वाटलं होतं, त्या स्टँडवरून मागे फिरतील. गाडी आली तशा त्या माझ्या आधी चढल्या. जवळ पैसे नाहीत, पिशवी नाही. "दोन काढ," त्यांनी मला सांगितलं. वाटेत माहेरच्या फाट्यावर उतरल्या आणि मागे वळूनही न बघता चालू लागल्या. मी शाळेत पोचले तेव्हा हेडमास्तर कपाट बंद करत होते, मुलं दप्तरं आवरत होती. मस्टर पुन्हा बाहेर काढावं लागलं म्हणून ते कुरकुरले. मी सही केली. त्या सहीवर मी आजवर नोकरी करते आहे.

घरी चार दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. घाटावरची आली आणि धाकलीला बिघडवलं, असं भावकीत झालं. मी रोज पुढच्या रस्त्यानं गेले आणि आले. बाकड्यावरचे लोक आधी गप्प होत, मग दुसरीकडे बघत, मग त्यांना सवय झाली. बिघडलं कुणाचं काहीच नाही. हे तेव्हाही सगळ्यांना दिसत होतं, पण कबूल कुणी केलं नाही, अजूनही करत नाहीत.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून येऊन पाय धूत होते, तेवढ्यात काकी आल्या. पुढच्या दारानं. कडेवर चवळीच्या शेंगांची पाटी. मामंजी ओसरीवर होते. त्यांनी नेहमीप्रमाणे आत बघून सासूबाईंना म्हटलं, "इचार तिला, कोनाला सांगून गेलती."

सासूबाई काकींकडे वळल्या. काकींनी पाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि सासूबाईंकडे तोंड करून, पण ओसरीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "त्यानलाच सांगा जाऊबाई, सुनबाईला गाव दाखवून आन म्हनाले व्हते. अर्धंच दाखवलेलं. ऱ्हायलेलं दाखवून आले."