आक्काचा खालचा आकडा

भूकंपानंतर लातुरात घरात झोपायची कुणाची हिंमत नव्हती. मी एकटी राहत होते, म्हणून नांदेडहून माझी मोठी बहीण आक्का सोबतीला आली. तिचा नवरा वारलेला, मुलगा नुकताच रेल्वेत लागलेला. पंधरा दिवसांसाठी आली ती राहिलीच.

पुढे गल्लोगल्ली क्लासेस निघाले. मीही कॉलेजची नोकरी सोडून जीवशास्त्राचा क्लास काढला आणि वरच्या मजल्यावर बाहेरगावच्या बारा मुली ठेवल्या. त्यांचा पहाटेचा चहा, दोन वेळचा स्वयंपाक, सगळं आक्का बघायची. तिला मी कधी ‘बस जरा’ म्हटल्याचं आठवत नाही.

हृदयाचा धडा आला की मात्र मी तिला खुर्चीत बसवायची. रक्तदाब कसा मोजतात हे दाखवायला मला माणूस लागायचा. आक्का ओले हात पदराला पुसत यायची. “घ्या, आलं तुमचं बेडूक,” म्हणायची. मुली खिदळायच्या.

मी शिकवायची: एका ठोक्याचे ०.८ सेकंद, त्यातले ०.४ सेकंद सगळे कप्पे सैल. त्या वेळात हृदय रक्तानं भरतं. दंडाचा पट्टा फुगवून हवा हळूहळू सोडायची. ठोके ऐकू यायला लागतात तो वरचा आकडा. यायचे थांबतात तो खालचा, हृदय सैल असतानाचा.

एका वर्षी स्टेथोस्कोप शिरूर अनंतपाळच्या एका मुलीच्या कानात होता. ती म्हणाली, “मॅडम, आवाज एकशे चारलाच बंद झाला.”

मी ऐकलं. खरंच होतं. मागच्या वर्षीही शंभराच्या आसपासच थांबला होता. तेव्हा ती चुलीपुढून उठून आली म्हणून मी सोडून दिलं होतं.

“एकशे वीस, ऐंशी लिहा. परीक्षेत तेच येतं.”

“पण मॅडम, आक्कांचं तर—”

“आक्कांचा पेपर नाहीये.”

सगळ्या हसल्या. आक्काही हसली. पट्टा सोडताना तिनं विचारलं, “किती हाय गं माझं?”

“ऐंशी,” मी म्हणाले. मुलींसमोर दुसरा आकडा सांगितला असता तर तास त्यातच गेला असता. रविवारी डॉक्टरकडे नेऊ, असं मनात होतं. रविवारी चाचणी होती. पुढच्या रविवारीही होती. त्यानंतर मी ते मनातूनच काढून टाकलं. पुढच्या चार बॅचेसना मी स्टेथोस्कोप लावायच्या आधीच फळ्यावर ऐंशी लिहून ठेवायची.

मग एका दिवाळीला आक्का मुलाकडे नांदेडला गेली आणि जिना चढताना तिला धाप लागली. मी पहिल्या एसटीनं पोचले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हृदयाची भिंत जाड झाली होती. आकुंचन ठीक होतं, पण सैल पडायला हवं तसं पडत नव्हतं. वर्षानुवर्षं वाढलेल्या दाबानं असं होतं, म्हणाले. मला समजावून सांगायची गरज नव्हती.

“आजी, बीपी कधी तपासलं होतं का?”

“दर साली!” आक्का ताठ बसली. “माझी बहीण तपासती की. लातुरात मोठा क्लास हाय तिचा. ऐंशीच असतं माझं, इच्यारा तिला.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. भाच्यानंही पाहिलं.

“मशीन जुनं होतं,” मी म्हणाले.

आक्कानं मान हलवली. “मग पोरींसाठी नवं घे की. त्याह्यनी काय शिकावं असल्या मशीनवर?”

मी हो म्हटलं.