माहेरी कमी होणारी खाज

माझ्या दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर पुरळ उठायचं. बारीक, पाण्याचे फोड, आणि खाज अशी की भर वर्गात फळ्याकडे वळून मी कोपर टेबलाच्या कडेला घासायची. मी शाळेत शिकवते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये लांब बाह्यांचे ब्लाउज घालणारी बाई म्हणून मुली मला ओळखायच्या. मलमं झाली, साबण बदलले, कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळी झाल्या. एका डॉक्टरांनी खरूज म्हटलं, दुसऱ्यांनी टेन्शन म्हटलं. टेन्शन कसलं हे विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, या खाजेचंच.

घरी मात्र निदान केव्हाच झालं होतं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, म्हणाल्या, "अंगात उष्णता हाय." झालं. आधी माझी शेंगाची चटणी बंद झाली, मग वांगं. आणि चटणीवाचून भाकरी आमच्या भवानी पेठेत कुणाच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून माझ्यापुरती भाकरीही गेली. तिच्या जागी तूप लावलेल्या मऊ चपात्या आल्या. पुरळ जास्तच उठलं की आत्या हुग्गी करायच्या, म्हणजे गुळातली गव्हाची खीर. गहू थंड, ही त्यांची पक्की समजूत. गहू भिजवायचा, कांडायचा, तासभर शिजवायचा, आणि वाटी माझ्या हातात देऊन समोर बसायचं. मी तळ खरवडेपर्यंत त्या उठायच्या नाहीत. एवढे लाड माझ्या आईनंही केले नाहीत, हे मी आईच्या तोंडावर सांगितलं आहे.

आई करकंबला असते. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायची. तिथे दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, चपाती फक्त पाहुणे आले तर. परत येताना पुरळ निम्म्यावर आलेलं असायचं. मी दारात पिशवी ठेवायच्या आत आत्या माझी बाही वर सारून कोपर बघायच्या. "कमी झालंय की," म्हणायच्या आणि आत जायच्या. शेजारच्या काकूंनी यावर एक चेष्टाच बसवून टाकली होती, सुनेला सासूची ॲलर्जी हाय. सगळे हसायचे. आत्याही हसायच्या.

मग एका मैत्रिणीनं त्वचेच्या डॉक्टर सुचवल्या. अगदी तरुण बाई, माझी विद्यार्थिनी शोभावी अशी. तिनं कोपर बघितलं आणि विचारलं, "कधी कमी होतं का?" मी ती चेष्टा सांगितली. ती हसली नाही.

"माहेरी काय खाता?"

"भाकरी."

"आणि सासरी?"

मी चपात्यांपासून हुग्गीपर्यंत सगळं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, गव्हामुळे असं पुरळ उठणारा एक आजार असतो, तोच असेल असं नाही, पण बघू. रक्त तपासायचं आणि फोडाशेजारच्या कातडीचा लहानसा तुकडा काढायचा. "तोपर्यंत गहू सोडू नका, नाहीतर तपासणीत काही सापडणार नाही."

मला हसू आलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं आमच्या घरात. पण घरी सांगितलं तेव्हा आत्या हसल्या नाहीत. "म्हंजे गव्हाचा संशय हाय, आन् तरी म्या तुला चपात्या घालायच्या?"

"तपासणीपुरत्या."

त्यांनी केल्या. वाढायच्या आणि पाठ फिरवून ओट्याशी उभ्या राहायच्या. आणि एक दिवस माझ्या ताटात भाकरी आली. शेजारी शेंगाची चटणी, वर तेल. माझं डोकं फिरलं. "आत्या, सगळं वाया जाईल. मला काय झालंय ते एकदाचं कळू तरी द्या."

"मला न्हाय व्हय कळायचं?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "म्हायेरी गेलीस की बरी हुतीस, हितं आलीस की उठतंय. हितलं समदं माझ्याच हातचं. काकू हसतीय, मी बी हसते. पर मनात येतंच की, माझ्याच हातात कायतरी असंल."

इतकी वर्षं त्या हे पोटात ठेवून माझी कोपरं बघत होत्या. मला रडू आलं. दारातून आत जाताना त्यांचा चेहरा कसा असायचा, हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी भाकरीचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं, स्वतः उठून डब्यातली चपाती घेतली, आणि आम्ही समोरासमोर बसून जेवलो.

रिपोर्ट आला. घरी पोचले तर त्या दारातच बसल्या होत्या.

"काय निघालं?"

"गहू. आता जन्मभर बंद."

"म्हंजे मी न्हाय."

"तुम्ही नाही, आत्या."

"पर हुग्गी माझीच हुती की."

"लई गोड होती," एवढंच म्हणाले, आणि ते खरं होतं.

मग त्यांनी कंबर कसली. गव्हामागून दळलेली ज्वारी चालणार नाही म्हटल्यावर ज्वारीची चक्की वेगळी असलेली गिरणी शोधली. लाटणं-पोळपाट माळ्यावर गेले. हिंगातही गव्हाचं पीठ असतं हे कळल्यावर हिंगाची डबी काकूंना देऊन टाकली. सगळं घर भाकरीवर आलं आणि माझ्या नवऱ्यानं कुरकुर केली, त्याला त्यांनी वाढताना विचारलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी खाज आधी थांबली, पुरळ जायला मात्र बरेच महिने लागले. चटणी परत आली. वांगंही.

या मे महिन्यात करकंबला जाऊन आले. दारात पिशवी ठेवायच्या आत आत्यांनी माझी बाही वर सारली, कोपर उजेडाकडे वळवलं, अंगठ्यानं चाचपलं. मग दुसरं.

"जाताना हुतं तसंच साफ हाय," त्या म्हणाल्या. आणि आत गेल्या नाहीत. माझा हात धरून तिथेच उभ्या राहिल्या.