तलावाचं नाव

मोहाडीतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात तो दारातच चप्पल काढतो आणि इतकं हळू बोलतो, जणू माझ्या टेबलावरही एखादं पाखरू अंड्यांवर बसलं आहे. तो शाळेत शिपाई आहे. सुटीच्या दिवशी धानाच्या बांधीत दबून बसतो आणि सारसाच्या जोडीचं चित्रण करतो.

यंदा त्याची फिल्म समुद्रकाठच्या एका शहरातल्या वन्यजीव चित्रपट महोत्सवासाठी निवडली गेली. त्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता. रेल्वेचं तिकीट मीच काढून दिलं. शेवटचा फॉर्म भरताना मात्र फिल्ममधलं घरटं नेमकं कोणत्या तलावाजवळ आहे ते लिहायचं होतं. त्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

"भंडारा जिल्हा लिहा," तो म्हणाला.

"तेवढ्यानं होत नाही. फिल्म बाद करतीन ते."

"करू द्या जी. नाव सांगतलं त गाड्या भरून लोकं येतीन फोटो काढाले. मंग सारस अंडे सोडून जातीन."

त्यानं खिशातून तिकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. "हे रद्द करून टाका."

मला राहवलं नाही. "मले त सांगा, कोनता तलाव?"

"तुमचं कामच फॉर्म भराचं आहे जी," तो तितक्याच हळू म्हणाला आणि चप्पल घालायला वळला.