लाल खडू आणि डिफेक्टिव पिक्चर

सुपडू सुरतेजवळच्या नवागामात राहायचा आणि कापडाच्या कारखान्यात चेकर होता. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेलं कापड उजेडाच्या टेबलावरून सरकत जायचं. कुठं धागा तुटलेला दिसला, तेलाचा डाग दिसला, की सुपडू लाल खडूनं रेघ ओढायचा. रेघ पडली तो माल डिफेक्टिव, रेघ नाही तो फ्रेश. बावीस वर्षं त्यानं हेच केलं आणि दुसरं काही करावं असं त्याला कधी वाटलंही नाही.

पण झालं काय, की घरी आला तरी माणसाचे डोळे काही टेबलावरून उठेनात. बायको भागीरथीच्या भाकरीची कड जाड, शेजारच्या वाल्मिकचं दार तिरकं, गल्लीतल्या लग्नातला मांडव एका अंगाला झुकलेला. एकुलती लेक सुषमा बारावीला पहिल्या वर्गात आली, तर बाप गणिताच्या आकड्यावर बोट ठेवून बसला. मनानं वाईट म्हणावा तर तेही नाही. चूक दिसली आणि बोलला नाही तर त्या दिवशी त्याला जेवण जात नसे, एवढंच.

या खोडीपायी सुषमाची दोन स्थळं गेली. एका मुलाच्या बापाला यानं भर बैठकीत सांगितलं, की तुमच्या सदऱ्याची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब आहे. दुसऱ्या खेपेला मुलगा हसला आणि यानं त्याचे वाकडे दात मोजले, तेही मोठ्यानं. पाव्हणे चहा टाकून उठले.

सत्त्याण्णव साली तिसरं स्थळ आलं, चलथाणचं. मुलगा सुकलाल तिथल्या साखर कारखान्यात कामाला. सुषमानं त्याला मामेबहिणीच्या लग्नात पाहिला होता आणि तो तिच्या मनात भरला होता. तिनं आईला स्पष्ट सांगितलं, "मला हाच पाहिजे. बापूंनी हेही मोडलं तर मी त्यांच्याशी जन्मात बोलणार नाही." सुपडूनं ते दाराआडून ऐकलं. लेकीवर त्याचा फार जीव होता, फक्त तो दाखवायचा कसा हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आज काहीच बोलानं नही," भागीरथीनं बजावलं. सुपडूनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

रविवारी सुकलाल आणि त्याचे वडील धुडकूआबा आले. आबांचं धोतर पांढरंशुभ्र, परीटघडीचं. पोहे झाले, चहा झाला, आणि मग सगळे पंख्याकडे बघत बसले. वाल्मिकचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान. शेजारधर्म म्हणून तो टीव्ही आणि व्हीसीआर घेऊनच आला. रविवार असल्यानं कौटुंबिक सिनेमे सगळे भाड्यानं गेलेले, एकच कॅसेट उरलेली.

"कार्टून आहे, बोलणं इंग्रजी आहे, पण डिटेक्टिव आहे," वाल्मिक म्हणाला.

सुपडूनं दिवसातून शंभर वेळा एक शब्द ऐकलेला, दुसरा उभ्या जन्मात नाही. त्याच्या कानात 'डिफेक्टिव' असंच पडलं. "पाव्हण्यांना डिफेक्टिव कशाला दाखवतो? फ्रेश नाही का?" त्यानं विचारलं.

"फ्रेशच आहे, परवाच आली," वाल्मिक म्हणाला. भागीरथीनं डोळे वटारले, तसा सुपडू खाटेवर धुडकूआबांच्या शेजारी मुकाट बसला.

पिक्चर सुरू झाला. टोपीवाला पोरगेला साहेब चोराच्या मागे सातव्या मजल्यावरून उडी मारतो, अर्ध्या वाटेत छत्री उघडतो आणि नेमका घोड्यावर बसतो. घोडा टेलिफोनच्या तारेवरून धावतो. तार लचकतसुद्धा नाही. सुपडूच्या घशात शब्द आला, त्यानं गिळला. साहेब मोटारसायकल घेऊन नदीत शिरतो आणि पलीकडे निघतो तेव्हा तोंडातली चिलीम पेटलेलीच. साहेब विमानातून पडतो, एका कबुतराचे पाय धरतो, कबुतर सुटतं तर पतंगाचा दोरा धरतो. अहो, सुरती मांजा झाला म्हणून काय झालं, अख्खा माणूस पेलेल का तो? सुपडू दातांवर दात दाबून बसून राहिला. दीड तास एक अक्षर बोलला नाही. भागीरथीला पहिल्यांदाच नवऱ्याचं कौतुक वाटलं.

पिक्चर संपला, धुडकूआबा उठले, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्या धोतरावर गेले. मांडीपासून पोटरीपर्यंत लाल रेघाच रेघा. सुपडूच्या हातात कारखान्यातला खडू होता. तो खिशातून कधी निघाला हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

सुषमा सुपारीचं तबक घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"हे काय, सुपडूभाऊ?" आबांनी विचारलं.

सुपडूनं बायकोकडे पाहिलं. आता लपवण्यासारखं राहिलं तरी काय होतं. तिनं 'सांगून टाका' अशी मान हलवली.

"पिक्चरमधल्या चुका आहेत. तेवीस," तो म्हणाला. "तोंड धरलं होतं आबा. हाताचं ध्यानात आलं नाही."

आबा ऊस मोजायच्या काट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस. ते वाकून रेघा मोजायला लागले. "घोडा धरला?"

"धरला."

"कबुतर?"

"धरलं. चिलीमही धरली."

"टोपी राहिली, बापू," सुषमाच्या तोंडून निघून गेलं. "एवढ्या उड्या मारल्या, डोक्यावरून हलली नाही." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. सुकलाल खाली मान घालून हसत होता.

आबा परत खाटेवर टेकले. "सुपडूभाऊ, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात. मग आता मुलीचं सांगा. खरं सांगा. हिच्यात काय काय खोट आहे?"

भागीरथीनं देवाचं नाव घेतलं. सुपडूनं लेकीकडे पाहिलं, चांगलं निरखून, टेबलावर पाहायचा तसं. वीस वर्षांत तिच्या पोळीपासून चालीपर्यंत त्यानं काय काय काढलं नव्हतं. त्यानं खडू खिशात ठेवून दिला.

"फ्रेश," तो म्हणाला.

चलथाणच्या पाव्हण्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. सुषमाला कळलं. तबक तसंच हातात धरून ती रडायला लागली, आणि धुडकूआबांनी पिशवीत हात घालून साखरेचा पुडा बाहेर काढला.